वाट चुकलेल्या पेशी

हिरड्यांतून रक्त आलें किंवा अंगावर निळसर डाग उमटले, म्हणजे "उष्णता झाली" असें आपण म्हणतों व सब्जाचें पाणी देतों. बहुधा त्यांत भय नसतें. परंतु क्वचित् हींच चिन्हें रक्ताच्या एका भयंकर कर्करोगाचीं असतात. नॉर्वेचे डॉक्टर हिलेस्टाड यांनीं १९५७ सालीं त्याचें वर्णन केलें, तेव्हां रोगी कांहीं आठवड्यांतच दगावत. आज, वेळेवर ओळखल्यास, तो बहुतेकांचा बरा होतो. हा पालट एका प्रथिनाच्या ओळखीनें घडला.

पेशींतील कोणतें जनुक केव्हां चालावें, हें कांहीं प्रथिनें ठरवितात. अस्थिमज्जेंतील कोंवळ्या पेशींत असेंच एक प्रथिन आहे. 'अ' जीवनसत्त्वापासून होणारें रेटिनॉइक आम्ल त्यास मिळालें, कीं तें योग्य जनुकें चालू करतें आणि पेशी प्रौढ होऊं लागतात. १९७७ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं दाखविलें कीं, या रोगांत १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळें हें प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाशीं जोडलें जातें आणि तींच जनुकें दाबून धरतें. पेशी कोंवळ्या राहतात व नुसत्या वाढत जातात.

शांघायचे डॉक्टर वांग झेनयी व त्यांचे सहकारी यांनीं या पेशी मारण्याऐवजीं त्यांना प्रौढ करण्याचें ठरविलें. त्यांनीं हेंच आम्ल मोठ्या मात्रेंत दिलें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतांत २४ ही रोग्यांना उतार पडला होता. मात्र रोग पुनः उलटे. पुढें सोमलाची जोड मिळाली. तो त्या जोडप्रथिनाचाच नाश घडवितो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या इटली व जर्मनींतील चाचणींत, फार जोखीम नसलेल्या ७७ रोग्यांना नेहमींच्या पेशीघातक औषधांवांचून हीं दोनच औषधें दिलीं. त्या सर्वांना उतार पडला.

तें जोडजनुक सांपडलें कीं निदान पक्कें होतें. परंतु पहिल्या कांहीं दिवसांतच रक्तस्रावानें प्राण जाण्याची भीति असते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं नुसता संशय आला तरी जाणते डॉक्टर निकालाची वाट न पाहतां आम्ल सुरू करतात. सोमल हें विषच आहे. हीं औषधें रुग्णालयांतच घ्यावयाचीं. घरच्यांचें काम एवढेंच: अकारण रक्त येऊं लागलें, डाग वाढूं लागले, तर त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. औषध हाताशीं असतां केवळ उशिरानें माणूस जाऊं नये.