निर्जीव चेहऱ्यावरची साधना

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त उज्जैन येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावण-भाद्रपदातील सोमवारी दुपारी चारच्या सुमारास महाकालाची सवारी निघते. पालखीत चंद्रमौलेश्वराचा आणि हत्तीवर मनमहेशाचा मुखवटा असतो. मंदिरातून बाहेर येताना ढगाळ उजेडात तो चेहरा सौम्य भासतो. क्षिप्रेच्या रामघाटावर उतरत्या उन्हाची तिरीप आली, की कपाळावर आणि नाकाच्या कडेवर तेज चढते. परतीच्या वाटेवर, बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिरापाशी, दिव्यांच्या उजेडात तोच चेहरा गूढगंभीर होतो. मुखवटा मात्र तसूभरही बदललेला नसतो. बदललेला असतो तो प्रकाश. मराठी घरांतील गृहिणीला हे वेगळे सांगावयास नको. गौरीपुढची समई थोडी बाजूला सरकविली, की मुखवट्यावरचा भाव पालटतो, हे तिने वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

व्यक्तिचित्रणाच्या छायाचित्रकलेचा पहिला धडा हाच आहे. चेहरा स्थिर ठेवावा, प्रकाश हलवावा आणि काय घडते ते पाहावे. त्यासाठी कित्येक नवशिके छायाचित्रकार कापडाच्या दुकानात असतो तसा पुतळा, किंवा त्याचे नुसते शीर, तिपाईवर ठेवून तासन्‌तास दिवे मागेपुढे करीत बसतात. पाहणाऱ्याला हसू येते. निर्जीव बाहुल्याचे फोटो काढून माणसाचा फोटो काढता येईल काय, असा प्रश्न पडतो. परंतु या अभ्यासाची परंपरा खुद्द छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांच्या शोधाची घोषणा झाली. त्यापूर्वी, १८३७ मध्ये, त्यांनी घेतलेल्या एका प्रसिद्ध चित्रात प्लास्टरच्या मूर्तीच आहेत. कारण उघड आहे : त्या हलत नाहीत. इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी होमरच्या काव्यातील योद्धा पॅट्रोक्लस याच्या अर्धपुतळ्याची छायाचित्रे निरनिराळ्या बाजूंनी आणि निरनिराळ्या उजेडात घेतली. १८४४ पासून भागाभागाने प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याविषयी लिहिलेही आहे. पुतळा किंचित फिरविला तरी चित्र वेगळे होते. थेट उन्हात सावल्या फार कठोर पडतात. आणि एका बाजूस पांढरे कापड धरले, तर परतलेल्या उजेडाने अंधारातला भाग उजळतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. आज स्टुडिओत जो पांढरा परावर्तक दिसतो, त्याचे मर्म त्या एका कापडात आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थी आधी प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश रेखाटीत आणि मग जिवंत माणसाकडे वळत. गवयाने मैफलीपूर्वी रियाज करावा, तसाच हा क्रम होता.

या अभ्यासात हाताला लागते तरी काय? मुख्य दिवा चेहऱ्याच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून उंच ठेवला, की दूरच्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. तोच दिवा हनुवटीच्या खाली नेला, की नाटकातला राक्षस उभा राहतो. दिव्याचे अंतर दुप्पट केले, तर चेहऱ्यावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, एकचतुर्थांश होतो. दिवा लहान असेल तर सावलीची कड धारदार येते. त्यापुढे मोठा पांढरा पडदा धरला, तर कड विरघळते. पाठीमागून येणारा तिसरा दिवा केसांना आणि खांद्यांना पार्श्वभूमीपासून वेगळे काढतो. हे पुस्तकात वाचून समजते. परंतु हाताला कळावयाचे तर शंभर वेळा करूनच पाहावे लागते. शंभर वेळा न कंटाळता बसणारा पुतळ्यावाचून दुसरा कोण?

अर्थात, पुतळा फसवितोही. त्याची कातडी सर्वत्र सारखीच चकाकते; तिला छिद्रे नाहीत, घाम नाही, सुरकुत्या नाहीत. रंगविलेल्या डोळ्यांत दिव्याचे प्रतिबिंब जिवंतपणे चमकत नाही. पुष्कळदा तो पांढराफटक असतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक मात्र समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्या चेहऱ्यावर बसविलेले गणित माळव्यातील गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर चुकते. म्हणून मूर्तिकाराकडून मातीच्या रंगाचे शीर करून घेतलेले बरे. निदान पडणारा उजेड चेहऱ्यापाशीच मोजावा.

तरीही या अभ्यासाचे खरे मोल तंत्रात नाही. ते समजण्यासाठी छायाचित्रकलेच्या बालपणाकडे पुन्हा पाहावे लागते. १८४० च्या दशकात चित्र उमटण्यास इतका वेळ लागे, की बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत. श्वास रोखून, डोळे ताणून बसलेल्या माणसालाच पुतळा व्हावे लागे. पुढे काचा अधिक संवेदनशील झाल्या, कला भारतातही रुजली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. उज्जैनच्या शेजारी इंदूरला लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि होळकर दरबाराने त्यांना उत्तेजन दिले. लोखंडी आधार गेला. पण ‘हलू नका, मान वर करा, जरा हसा’ हा हुकूम स्टुडिओत उरलाच.

त्या हुकमापुढे कोण बसलेले असते? स्थळांकडे पाठवावयाच्या फोटोसाठी आलेली, पदराशी चाळा करणारी उपवर मुलगी. आयुष्यात एकदाच स्टुडिओची पायरी चढलेली एखादी आजी. कित्येक घरांत पणजीचे एकच छायाचित्र असते. हार त्यालाच चढतो आणि नातवंडांना ती तेवढीच ठाऊक असते. छायाचित्रकाराने दिव्यांचा पहिला प्रयोग तिच्यावरच केला, तर चूक त्याची होते आणि हानी मात्र पिढ्यांची. शिवाय त्याचे लक्ष दिव्यांत गुंतले, की समोरच्या व्यक्तीची मान अवघडते, हसू गोठते. तिचा पुतळा होतो.

ज्याने आपल्या सगळ्या चुका पुतळ्यावर करून घेतल्या आहेत, त्याचे दिवे आजी बसण्यापूर्वीच जागेवर असतात. मग त्याला तिच्याशी बोलण्यास सवड मिळते. गाव कोणते, नातवंडे किती, हे विचारता विचारता तिचा चेहरा सैल होतो, आणि तो क्षण त्याला टिपता येतो. पुतळ्यावर केलेल्या साधनेचे हेच फळ. निर्जीवापुढे घालविलेले तास सजीवाला सजीव राहू देण्यासाठी असतात.

शंभर वर्षे या ग्रंथालयाच्या कपाटांतही निर्जीव कागदांवरच वाचकांची साधना चालत आली आहे. तिचे सार्थकही माणसासमोर बसताना त्याच्याकडे नीट पाहता येण्यातच आहे.