वेगवान गोलंदाजाचा श्रमभार



क्रिकेटच्या वार्तांमध्यें हल्लीं 'वर्कलोड मॅनेजमेंट' हा शब्द वारंवार कानीं पडतो. आपण त्यास श्रमभाराचें नियोजन म्हणूं. एखादा अव्वल वेगवान गोलंदाज ऐन मालिकेंत एका सामन्यापुरता बाजूस बसतो आणि घरोघरीं वादास आरंभ होतो. माझ्या वयाची मंडळी विचारतात, "कपिल देव १३१ कसोटी सामने खेळला, दुखापतीमुळें त्याचा एकहि सामना चुकला नाहीं, त्याचीं षटकें कोणी मोजलीं होतीं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर प्रथम शरीरशास्त्रासच विचारलें पाहिजे.

चेंडू टाकतांना वेगवान गोलंदाजाचें पुढलें पाऊल जमिनीवर आदळतें, तेव्हां त्यावर त्याच्या वजनाच्या पांचपटींहून अधिक जोर येतो. त्याच क्षणीं कंबर एका बाजूस वाकते, पिळली जाते, आणि ताण पडतो तो कमरेच्या खालच्या मणक्यांतील एका चिंचोळ्या भागावर. हाड म्हणजे निर्जीव खुंटी नव्हे. ताण वाढला कीं शरीर जुनें हाड आधीं काढून टाकतें आणि मग तेथें नवें घालतें. या दोहोंच्या मध्यें जे आठवडे जातात, त्यांत तो भाग पूर्वींपेक्षां दुबळा असतो. दम आणि स्नायु मात्र त्या मानानें लवकर तयार होतात. त्यामुळें गोलंदाजास वाटतें, आपण सज्ज झालों. मणका अद्याप मागें असतो. खरा घात होतो तो येथें.

म्हणून किती षटकें टाकलीं एवढ्यावर भागत नाहीं. तीं कशाच्या पाठोपाठ टाकलीं, हें पाहावें लागतें. आयपीएलमध्यें एका गोलंदाजास एका सामन्यांत चार षटकें, म्हणजे चोवीस चेंडू. कसोटींत तोच मनुष्य एका दिवसांत वीस षटकें टाकूं शकतो. २०२५ सालीं आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला झाला आणि लीड्सची कसोटी २० जूनला सुरू झाली. सतरा दिवसांत एवढी उडी! आठवडेच्या आठवडे स्वस्थ बसलेल्या गोलंदाजाचीहि उडी तेवढीच मोठी होते, हें विश्रांतीचा अतिरेक करणारांनीं विसरूं नये. कपिल देवाच्या काळीं ही वीस षटकांची लीग नव्हती. त्याच्या श्रमांत असे चढउतार कमी असावेत, असा माझा तर्क आहे. शिवाय, जे टिकले त्यांचीं नांवें आपणांस पाठ असतात; जे विसाव्या वर्षीं पाठ धरून घरीं बसले, त्यांचीं कोण लक्षांत ठेवतो?

हा भार मोजण्याची एक सोपी रीत कार्ल फॉस्टर या अमेरिकन संशोधकानें रूढ केली. सराव संपल्यावर खेळाडूनें तो किती कठीण गेला यास दहापैकीं गुण द्यावयाचे आणि त्यांस मिनिटांनीं गुणावयाचें. नव्वद मिनिटांचा सराव, गुण सहा, तर भार ५४०. पुढें टिम गॅबेट यांनीं चालू आठवड्याच्या भाराची मागील चार आठवड्यांच्या सरासरीशीं तुलना करण्याचें गुणोत्तर सुचविलें. त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती मला योग्य वाटते. अमुक आंकडा ओलांडला कीं दुखापत ठरलेली, असें भाकीत त्यांतून निघत नाहीं. पण हिशेब अपुरा आहे म्हणून वहीच फेंकून द्यावी, असें कोणताहि हजेरीपट भरलेला मास्तर म्हणणार नाहीं.

या वहींत पडणारा सर्वच भार मैदानावरचा नसतो. हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालीं दाखविलें कीं थंडी, जखम, अतिश्रम अशा भिन्न आघातांस शरीर बरेंचसें सारखेंच उत्तर देतें. रात्रीचा विमानप्रवास, तुटलेली झोंप, संघांतून वगळले जाण्याची धास्ती, हीं सर्व त्याच खात्यावर चढतात. बेन स्टोक्सनें २०२१ सालीं मनःस्वास्थ्यासाठीं क्रिकेटपासून कांहीं काळ दूर राहण्याचें ठरविलें, तें याच कारणास्तव समजून घेतलें पाहिजे. आतां अनेक संघांत रोज सकाळीं खेळाडूस विचारतात: झोंप कशी झाली, थकवा किती, अंग दुखतें कां, मनावर ताण आहे कां.

पण या प्रश्नांस खरें उत्तर कोण देईल? जसप्रीत बुमराहची पाठ २०१९ सालीं दुखावली, २०२२ मध्यें पुन्हां दुखावली, आणि २०२३ च्या मार्चमध्यें न्यूझीलंडांत शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रेलियांत पांच कसोटींत दीडशेंहून अधिक षटकें टाकून त्यानें ३२ बळी घेतले. मात्र २०२५ च्या जानेवारींत सिडनीच्या दुसऱ्या डावांत तो एकहि चेंडू टाकूं शकला नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडांत तो पांचांपैकीं तीनच कसोटी खेळला. मोहम्मद सिराज पांचहि खेळला, १८५ हून अधिक षटकें टाकलीं, ओव्हलवर सहा धावांनीं मिळालेल्या विजयाचा शिल्पकार ठरला, आणि लगेच लोक म्हणाले, पाहा, हे सारे नखरे! एकाच्या मणक्यावरून दुसऱ्याच्या मणक्याचा निकाल लावणें हा न्याय नव्हे.

बुमराह 'दुखतें' असें म्हणूं शकतो, कारण त्याची जागा कोणी घेणार नाहीं. जो एका वाईट सामन्यानें संघाबाहेर जाणार आहे, तो मुलगा 'झोंप उत्तम, वेदना नाहीं' असेंच लिहील. वर्गांत न समजलेलें गणित समजलें म्हणणारीं मुलें मीं आयुष्यभर पाहिलीं. तीं लबाड नव्हतीं, भ्यालेलीं होतीं. यासाठीं ती प्रश्नपत्रिका वैद्याजवळ राहावी, निवड करणाऱ्याच्या हातीं पडूं नये. आणि दुखणें सांगितल्यावर ज्यास विश्रांति दिली, त्यास बरा झाल्यावर पुन्हां संधि मिळेल, हें लेखी असावें. बुमराह तीनच सामने खेळणार, हें दौऱ्याआधींच जाहीर झालें होतें. इंग्लंडच्या संघालाहि तें ठाऊक होतें. संघांत चौदाव्या-पंधराव्या क्रमांकावर असलेल्या एखाद्या तरुण गोलंदाजाविषयीं अशी घोषणा झालेली मीं तरी अद्याप ऐकलेली नाहीं.