मामांच्या स्टुडिओतली ४ यू केस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला. 'दादा, घरी जुना पीसी पडलाय, त्याचा सर्व्हर करायचाय, रॅकमध्ये बसेल अशी स्वस्तातली केस सांग.' लिंक टाकून मोकळा झालो असतो. पण मी स्वतः यात एकदा चांगला आपटलोय, पैसेही घालवलेत. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो. हेडफोन लावा, मोजायची टेप जवळ ठेवा. टेपचं काम पुढे येणार आहे.

तर झालं असं. माझ्या मामांचा कराडला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारसी, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं. आणि या सगळ्याचा डेटा कुठे? लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात अकरा एक्स्टर्नल हार्ड डिस्क. प्रत्येकीवर स्केच पेननं महिना लिहिलेला. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यातली एक डिस्क टक-टक करायला लागली. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. तिच्यात एका लग्नाचं सगळं शूटिंग होतं, अल्बम अजून द्यायचा होता, आणि मधल्या काळात नवरीचे आजोबा वारले होते. रिकव्हरीला दिली, जेमतेम निम्मं परत आलं. मामा स्वतः त्यांच्या घरी गेले, ॲडव्हान्स परत केला. तिथून आले ते दुकानात न जाता थेट घरी आले आणि मला फोन केला. "लेका, तू कॉम्प्युटरवाला ना? मग कर की कायतरी."

दुकानात सीसीटीव्हीवाल्यानं आधीच एक १२ यू उंचीचं रॅक ठेवलं होतं. डीव्हीआर आणि स्विच सोडला तर रिकामंच. दार आहे, कुलूप आहे, उंदीर आत शिरत नाही. जमिनीवर टॉवर ठेवायला जागाच नव्हती. म्हणून रॅक केस. रुबाबासाठी नाही, हे आधीच सांगतो. तुमच्याकडे रॅक नसेल तर साधी टॉवर केस घ्या, ती स्वस्तही पडते आणि शांतही असते.

आता 'यू' म्हणजे काय? एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर उंची. रुंदी ठरलेली, कानांसकट १९ इंच. उंची आणि रुंदी पक्की असल्यामुळे आपल्याला वाटतं की कुठलीही केस कुठल्याही रॅकमध्ये बसते. मलाही तसंच वाटलं. मुंबईला कामासाठी गेलो होतो, लॅमिंग्टन रोडला एका दुकानात जुनी २ यू केस चार हजारांत दिसली. घेतली. एसटीत मांडीवर घेऊन कराडला आणली. रॅकमध्ये सरकवली, तर ती मागून बाहेर! केस ६६० मिलिमीटर खोल आणि रॅक बाहेरून बाहेर ६००. मामा चहा पीत बघत होते. काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

म्हणून टेप. आणि माप बाहेरून घ्यायचं नाही. पुढच्या ज्या उभ्या पट्टीला स्क्रू लागतात, तिथून मागच्या दारापर्यंत मोजायचं. मामांच्या रॅकमध्ये ते भरलं ५१०. त्यातून मागे प्लग आणि केबल वळायला निदान ६० मिलिमीटर सोडा. उरले ४५०. एवढ्याच खोलीची केस चालणार होती. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त ४ यू केस ५०० ते ६५० खोल असतात, त्यामुळे निम्मी यादी तिथेच संपली.

मग २ यू की ४ यू? खरं सांगू, घरगुती बजेटमध्ये १ यू आणि २ यूच्या नादी लागू नका. १ यूमध्ये ४० मिलिमीटरचे पंखे लागतात. एवढासा पंखा पुरेशी हवा ढकलायला प्रचंड वेगानं फिरतो, आणि शेजारी शिट्टी वाजवत कोणीतरी बसलंय असं वाटतं. २ यूची बाहेरची उंची ८८ च्या आसपास, आणि आपला नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस ८६ उंच. पत्र्याची जाडी धरली की गणित फसतं, मग वेगळा महागडा एसएमपीएस शोधा. शिवाय कार्ड लावायचं तर अर्ध्या उंचीचंच. ४ यूमध्ये साधा एसएमपीएस बसतो, पूर्ण उंचीचं कार्ड बसतं, १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. म्हणजे तुमच्या जुन्या पीसीतलं जवळपास सगळं सामान चालतं, आणि खरी बचत तिथेच होते. मी शेवटी ४३० मिलिमीटर खोलीची नवी ४ यू केस साडेआठ हजारांत घेतली. ती २ यूवाली अजून माझ्या माळ्यावर आहे. कोणाला हवी असेल तर सांगा, फुकट देतो, फक्त घेऊन जा.

आतला माल मामांच्या जुन्या एडिटिंग पीसीचा. आय-५ ८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मायक्रो एटीएक्स बोर्ड. फाइल ठेवायच्या कामाला हे भरपूर झालं. फक्त कूलर अडला. पीसीवर १५९ मिलिमीटरचा उंच टॉवर कूलर होता. मी कागदावर हिशेब केला: ४ यू म्हणजे १७७, त्यातून दोन्ही बाजूंचा पत्रा, बोर्डाखालचे स्टँडऑफ, बोर्ड आणि प्रोसेसरची जाडी वजा केली तर १६० च्या जवळ काहीतरी उरतं. बसेल! नाही बसला. केसच्या मधून एक आडवी लोखंडी पट्टी जाते, झाकण खचू नये म्हणून. तिच्याखाली १३० च उरत होते. ही पट्टी फोटोत दिसते, पण आपण बघत नाही. प्रोसेसरबरोबर आलेला मूळचा बुटका कूलर मामांनी डब्यासकट जपून ठेवला होता, तो लावला. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो.

आता जोडणी. स्वस्त केसचा पहिला प्रसाद म्हणजे पत्र्याच्या कडा. माझी दोन बोटं कापली. कडांवर बारीक पॉलिश पेपर फिरवा, जिथून केबल जाणार तिथे इन्सुलेशन टेप लावा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

सगळं बसवलं, रात्रीचे साडेदहा वाजले होते, बटण दाबलं. पंखा एक झटका घेतो आणि बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा झटका, पुन्हा बंद. रॅम काढून बघितली, एसएमपीएस बदलून बघितला. मामी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. माझ्या डोक्यात एकच, की मामांचा चालता पीसी आपण मारला. एक वाजता बोर्ड पूर्ण बाहेर काढला, तेव्हा दिसलं. केसमध्ये मोठ्या एटीएक्स बोर्डाचे पितळी स्टँडऑफ कारखान्यातूनच लावलेले होते. माझा बोर्ड छोटा. जिथे त्याला भोकच नाही तिथे एक स्टँडऑफ खालून सोल्डरला टेकत होता. सरळ शॉर्ट. तो काढला आणि मशीन एका दमात सुरू झालं. तेव्हा बोर्ड ठेवण्याआधी त्याची भोकं मोजा, केसमधले स्टँडऑफ मोजा, आणि जास्तीचे सगळे काढा.

दुसऱ्या दिवशी चारपैकी तीनच डिस्क दिसायला लागल्या. केबल बदलली, तरी तीनच. हे मात्र केसचं पाप नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मी साटा प्रकारची एम.२ एसएसडी लावली होती, आणि अनेक बोर्डांवर ती लावली की एक साटा पोर्ट आपोआप बंद होतो. बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका वाचतो कोण! चौथी डिस्क शेजारच्या पोर्टला लावली, दिसली.

डिस्क चार, प्रत्येकी ८ टीबी, ट्रूनॅसवर रेड-झेड-२ मध्ये. म्हणजे चारपैकी कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा शाबूत, वापरायला साधारण निम्मी जागा. एक डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, चार मिळून क्षणभर १०० वॅट. म्हणून केसबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस बाजूला ठेवा. आणि मोलेक्सचं साटा करणारी ती ओतीव प्लॅस्टिकची स्वस्त जोडणी वापरू नका, त्यात आत तारा एकमेकींना चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत. एसएमपीएसला मुळातच पुरेसे साटा प्लग असलेले बरे.

रॅकमध्ये चढवताना दोन गोष्टी. एका यूमध्ये तीन भोकं असतात आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. दोन मोठी, एक छोटं. चुकीच्या भोकापासून सुरुवात केली की केस वर-खाली सरकते आणि कानाची भोकं जुळत नाहीत. आणि कानांवर वजन टाकायचं नाही! स्वस्त केसबरोबर रेल येत नाहीत. चार डिस्कांसकट माझी केस चौदा-पंधरा किलोची झाली. पुढच्या चार स्क्रूंवर ती लटकवली तर कान वाकणारच. खाली शेल्फ टाका, केस त्यावर बसू द्या, स्क्रू फक्त ती पुढे येऊ नये म्हणून. आणि रॅकमध्ये सगळ्यात खाली ठेवा.

मे महिन्यात मामांचा फोन. "डब्बा तापलाय रे." डिस्क ५२ अंशांवर गेल्या होत्या. गेलो, तर पुढच्या फोमच्या जाळीवर धुळीची गोधडी. ती धुतली, तरी ४८. मग लक्षात आलं की पुढचा पंखा हवा आत घेतो, पण ती डिस्कांच्या मधून न जाता पिंजऱ्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून निघून जाते. हवाही शॉर्टकट शोधते. प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर कापून त्या दोन फटी बंद केल्या, रॅकचं मागचं दार काढलं. ४२ वर आलं. खर्च शून्य. मामी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जाळी धुतात, दुकानाच्या कॅलेंडरवर खूण केलीय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याही केसच्या व्हिडिओत ऐकलं नव्हतं. जाळी धुताना मामी म्हणाल्या, "याला हात लावला की झिणझिण्या येतात." मी टेस्टर लावला, दिवा लागला. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थिंगच्या तारेत सोडतात. अर्थिंग जोडलेलंच नसेल, तर केसचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच पत्र्यात उद्या फेजची तार सुटून टेकली, तर फ्यूज उडायला काही मार्गच नाही. आणि रॅक लोखंडी, केस लोखंडी, मामींचे हात ओले. वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेट उघडलं, तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. जुनी इमारत, कुणी कधी ओढलीच नाही. नवीन अर्थिंग करून घेतलं, रॅकच्या सांगाड्यालाही जोडलं, आरसीसीबी बसवला. केसपेक्षा जास्त पैसे त्यात गेले. मामांनी पहिल्यांदाच कुरकुर न करता दिले. तुमच्या सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं धरू नका. वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका.

त्या अकरा डिस्कांचा डेटा कॉपी व्हायला नऊ रात्री लागल्या. आणखी एक डिस्क वाटेत गेली, पण तिच्यातलं सगळं तोवर उतरवलं होतं. आता नवीन लग्न आलं की मामा आधी केसमध्ये टाकतात, मग एक प्रत घरी घेऊन जातात, त्याच जुन्या डिस्कांवर. पिंजऱ्यात दोन जागा रिकाम्या आहेत, त्यांचे स्क्रू सुपारीच्या डबीत घालून रॅकवर ठेवलेत. केसच्या पुढच्या पट्टीवर त्यांनी स्केच पेननं लिहिलंय, 'सगळी लग्नं'.

ज्यांना केस सुचवून हवीय त्यांनी रॅकचं आतलं माप, बोर्डाचा आकार, कूलरची उंची आणि डिस्क किती, एवढं लिहून पाठवा. नुसतं 'दादा, लिंक' लिहू नका. पुढच्या भागात यूपीएस घेतोय, कारण कराडात गेल्याच आठवड्यात दोनदा लाइट गेली आणि मामांचा फोन आलाच. चला, भेटू.