तांबी बसवून घेण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-विभागात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय मंडळाच्या कार्यकारिणीने मान्य केला, याबद्दल प्रथम मी तिचे आभार मानते. वधूवरसूचना, शिष्यवृत्त्या, गुणवंतांचा सत्कार हे विषय आपल्या व्यासपीठाच्या अंगवळणी पडलेले आहेत. गर्भाशयात बसवावयाच्या तांबीचा विषय मात्र आजवर माजघरातच, तोही दबल्या आवाजात, चघळला गेला. कै. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय उघडपणे मांडला. त्याला शतक लोटले, तरी आपल्या सुशिक्षित घरांतील मुलगीसुद्धा तपासणीच्या टेबलावर चढते तेव्हा आता आपणांस काय होणार आहे, हे तिला ठाऊक नसते. हे अज्ञान दूर करणे, एवढाच आजचा माझा हेतू आहे.

अज्ञानाची किंमत केवढी पडते, याचा एक दाखला आपल्या देशाच्याच इतिहासात आहे. १९६५ साली ‘लूप’ नावाच्या प्लास्टिकच्या साधनाचा सरकारने मोठा प्रसार आरंभिला. शिबिरे भरली, लक्षावधी स्त्रियांना लूप बसविली गेली. परंतु पुढे रक्तस्राव वाढेल, कळा येतील, क्वचित साधन आपोआप पडेल, हे अनेकींना कोणी आधी सांगितलेच नाही आणि मागाहून त्यांची विचारपूसही नीट झाली नाही. मग लूप पोटातून वर सरकून काळजाला भिडते अशा वावड्या उठल्या आणि थोड्याच वर्षांत लोकांचा त्या साधनावरील विश्वास उडाला. आधी सांगितलेले दुखणे स्त्री सोसते. न सांगितलेल्या दुखण्याची मात्र भीती होते, आणि ती भीती घरोघर पसरते.

आजची तांबी ही त्या लुपेहून निराळी. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची, सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची ही प्लास्टिकची काडी असून तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. त्या तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होते आणि गर्भधारणा टळते. बसविल्या क्षणापासून ती काम करू लागते. ती वापरणाऱ्या शंभर स्त्रियांत पहिल्या वर्षी एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात. सरकारी रुग्णालयांत १० वर्षांची व ५ वर्षांची अशा दोन प्रकारच्या तांब्या विनामूल्य बसवून मिळतात. काढल्यावर गर्भधारणेची शक्ती लगेच परत येते. म्हणूनच एका मुलानंतर पाळणा लांबवू इच्छिणाऱ्या आणि शस्त्रक्रियेस अद्याप मन तयार नसलेल्या भगिनीस ती सोयीची आहे.

ती सर्वांनाच मात्र चालत नाही. दिवस गेल्याची शंका, ओटीपोटात चालू असलेली जंतुबाधा, कारण न कळलेला रक्तस्राव, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग किंवा पिशवीची पोकळी वेडीवाकडी करणारी गाठ असेल, तर तांबी बसवू नये. मुळातच पाळीत फार अंगावर जात असेल अथवा पंडुरोग असेल, तर आधी रक्ततपासणी करून घ्यावी. अशा स्त्रीस संप्रेरकयुक्त साधन अधिक मानवते, कारण त्याने स्राव कमी होतो. गुप्तरोगांपासून व एच. आय. व्ही.पासून या दोन्ही साधनांनी संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानी असावे.

तांबी कधी बसवावी? दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल, तर कोणत्याही दिवशी बसविता येते. पाळीच्या दिवसांत वा ती संपताच ही खात्री सहज असते. बाळंतपणानंतर पहिल्या ४८ तासांत, अथवा मग सहा आठवडे उलटल्यावर बसविता येते. अंगावरच्या दुधास तिने बाध येत नाही.

आता प्रत्यक्ष त्या दिवसाविषयी. उपाशी पोटी जाऊ नये. हलकेसे खाऊन जावे. वेदना कमी करणारी गोळी सुमारे तासभर आधी घ्यावी, मात्र कोणती घ्यावी हे डॉक्टरांस विचारूनच. तपासणीपूर्वी लघवीस जाऊन यावे. सोबतीला विश्वासाचे माणूस असावे.

गुडघे दुमडून उताणे निजावयास सांगतात. डॉक्टर प्रथम हातमोजा घालून दोन बोटांनी आतून तपासतात. पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे, हे त्यांना त्यावरून समजते. नंतर योनिमार्ग उघडा धरणारे उपकरण घालतात. ते थंड लागते व दाब जाणवतो. अंग आवळून धरले तर दाब अधिक वाटतो, म्हणून श्वास सावकाश सोडावा. मग जंतुनाशक औषधाने पिशवीचे तोंड पुसून घेतात.

यापुढे तीन वेळा दुखते, आणि ही गोष्ट मी मुद्दाम झाकून ठेवीत नाही. पिशवीचे तोंड चिमट्याने स्थिर धरतात, तेव्हा चिमटा बसल्यासारखी पहिली कळ येते. पिशवीची खोली मोजण्यासाठी एक बारीक सळई आत घालतात, तेव्हा पाळीतल्यासारखी दुसरी कळ येते. तिसरी कळ तांबी आत जाताना. तिचे दोन्ही हात एका अरुंद नळीत दुमडलेले असतात. नळी पिशवीत पोहोचली की मागे ओढून घेतात आणि ते हात उघडतात. शेवटी खाली राहिलेले दोरे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापतात. हे सर्व पाच ते दहा मिनिटांचे काम आहे. प्रत्येक कळ बहुधा काही क्षणांचीच असते.

ही वेदना सर्वांना सारखी होत नाही. बाळंत झालेल्या कित्येक स्त्रियांना ती किरकोळ वाटते. ज्यांना मूल झालेले नाही त्यांना बहुधा अधिक जाणवते. काहींना ती खरोखरच तीव्र असते. ‘बाळंतपण सोसलेस, मग एवढ्याने काय होते?’ असे म्हणून तिची थट्टा करणे हे वैद्यकही नव्हे आणि माणुसकीही नव्हे. जागा बधिर करणारे औषध उपलब्ध असते. डॉक्टरांनी या वेदनेविषयी व तिच्यावरील उपायांविषयी स्त्रीशी आधीच बोलावे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही २०२४ साली आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले. तेव्हा बधिर करण्याचे औषध मागण्यास संकोच करू नये. मध्येच सहन होईनासे झाले, तर ‘थांबा’ म्हणण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे.

काम होताच ताडकन उठू नये. क्वचित घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. थोडा वेळ पडून राहिल्याने ते ओसरते. घरी येताना तांबीचा प्रकार व ती बदलण्याची तारीख लिहिलेले कार्ड मागून घ्यावे आणि ते जपून ठेवावे.

पहिले काही दिवस ओटीपोटात कळा येतात. गरम पाण्याची पिशवी व साधी गोळी त्यास पुरते. थोडे थोडे डाग काही आठवडे दिसू शकतात. पहिल्या तीन ते सहा पाळ्यांत स्राव व दुखणे वाढते, पुढे बहुतेकींचे ते कमी होत जाते. वीस जणींत साधारण एकीची तांबी आपोआप बाहेर पडते, आणि हे पहिल्या काही महिन्यांतच अधिक घडते. म्हणून पाळीनंतर स्वच्छ हातांनी दोरा लागतो की नाही हे पाहावे आणि चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे तपासणीस जावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, न थांबणारी कळ, चुकलेली पाळी, न लागणारा दोरा अथवा बोटास लागणारे कठीण टोक, यांपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता दाखवावे.

गैरसमजांविषयी दोन शब्द.  पिशवीतून काळजापर्यंत कोणतीच वाट नाही. बसविताना पिशवीस छिद्र पडण्याचा प्रकार हजारांत एखाद-दुसरा घडतो. त्यावर उपाय आहे, आणि अनुभवी हातांकडे जाणे ही त्यावरची खबरदारी होय. तांबीने कर्करोग होत नाही. ओझे उचलल्याने ती सरकत नाही.

अखेरची गोष्ट संमतीची. तांबी बसविण्यास पतीची सही नियमाने लागत नाही. लागते ती त्या स्त्रीची स्वतःची संमती. बाळंतपणाच्या कळांत असताना घाईने घेतलेला होकार ही संमती नव्हे. ही चर्चा गरोदरपणातच, शांतपणे व्हावयास हवी. तसेच मुदत पुरी होण्याआधी तिला तांबी काढून घ्यावीशी वाटली, तर कारणाचा पाढा वाचावयास न लावता ती काढून मिळाली पाहिजे. काढणे हे काही क्षणांचे काम आहे.

येथे जमलेल्या वडीलधाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे. सुनेला वा लेकीला ‘घे’ किंवा ‘नको घेऊस’ असे सांगण्यापूर्वी आज ऐकलेले हे सारे तिला सांगा, मग तिचे तिला ठरवू द्या, आणि तिने होकार दिलाच तर त्या दिवशी तिच्यासोबत जा. बंधूंनीही हे ऐकून घेतले, याचा मला विशेष आनंद आहे. कारण पाळणा लांबविण्याची चिंता एकट्या स्त्रीने वाहावी असा काही शास्त्राचा नियम नाही.