आमचा गरीचा गट

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

आम्ही मालवण तालुक्यातल्या अकरा जणी. आमच्यात दोघी शिक्षिका आहेत, एक अंगणवाडीताई, एक पोस्टात, तिघी घरी पर्यटकांच्या खोल्या सांभाळणाऱ्या, बाकीच्या मासळीबाजारात बसणाऱ्या. पावसाळा सोडला तर रविवारी सकाळी आमच्यातल्या काही जणी छोट्या होडीत बसतात, देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडतात आणि गरीने मासे धरतात. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात. जाळं नाही, यंत्र नाही. तंगूस, शिसं, गरी आणि कोळंबीचा तुकडा, एवढंच सामान. मिळालं ते वाटून घेतो, विकत नाही. बाजारात बसणाऱ्या मैत्रिणींनीच ही अट घातली. आठवडाभर मासळी विकायचीच असते, रविवारी तरी भाव करायला लावू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आम्ही समुद्राकाठी जन्मलो, तरी आमच्यातल्या बहुतेकींनी चाळिशी ओलांडेपर्यंत होडीत पाय ठेवला नव्हता. तुमच्यापैकी किनाऱ्यावरच्या बायकांना हे नवल वाटणार नाही. मासे निवडायचे, लिलावात बोली लावायची, खारवायचे, सुकवायचे, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरायचं, हे सगळं बाईने करायचं. होडी मात्र पुरुषांची. केरळातल्या चावक्काडच्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात जातात आणि त्यांना मासेमारीचा रीतसर परवाना मिळाला, ही बातमी २०१७ साली आली. बाजारात तिची चर्चा झाली आणि ती चर्चा लांबत लांबत आमच्या गटापर्यंत आली. आमच्यातल्या एकीचे सासरे, त्यांना आम्ही सगळ्याच आबा म्हणतो, उभा जन्म तांडेल होते. अठरा फुटी फायबरची होडी आणि मागे लावायचं इंजिन त्यांच्याकडे होतं. “शिकवतंय, पण माझा ऐकूक व्हया,” एवढं बोलून ते तयार झाले.

पहिलं वर्ष शिकण्यातच गेलं. तंगूस बोटावर धरून बसायचं आणि खाली काय चाललंय ते बोटाने ओळखायचं. वाळूवरचा मुडदुसा टुक-टुक करतो, जसं दारावर लहान मूल वाजवतं. गोबरा एकदाच ओढतो आणि खडकाच्या कपारीत घुसून बसतो. मग तंगूस तोडण्यावाचून गत्यंतर नसतं. शिंगाळा लागला की आम्ही सगळ्या सावध होतो. त्याच्या कल्ल्यामागे दोन आणि पाठीवर एक असे काटे असतात, त्यांना विष असतं. एकदा आमच्यातल्या एकीच्या अंगठ्यात काटा गेला तर ती तासभर कळवळत होती. तेव्हापासून होडीत गरम पाण्याचा थर्मास असतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो. तरीही काटा आत राहिला असेल तर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. गरीचा उलटा दात आम्ही पकडीने चेपून टाकतो. त्यामुळे क्वचित मासा निसटतो हे खरं, पण लहान मासा न फाटता सोडता येतो आणि हातात घुसलेली गरीही सरळ निघते.

लहान मासे सोडायचे, यावरून आमच्यात सुरुवातीला भांडणं झाली. बोटाएवढा तांबोसा कालवणात छान लागतो, असं म्हणणाऱ्याही आमच्यात होत्या. सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, तेव्हा तो वाद एकदाचा मिटला. आता होडीच्या कडेवर पट्टीच रंगवलेली आहे. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आम्ही गरी टाकत नाही, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्याच्या गाभ्यात आहे.

एक गोष्ट रेडिओवर सांगावी की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. शेवटी सांगायचंच ठरलं. होडीत लघवीची सोय नसते. पुरुष कडेला उभे राहतात. आम्ही काय करायचो, तर आदल्या रात्रीपासून पाणीच प्यायचो नाही. मग उन्हात डोकं दुखायचं, पायात गोळे यायचे, आणि आम्ही म्हणायचो, समुद्र लागला. एक झाकणाची बादली आणि एक जुनी चादर, एवढ्यावर हा प्रश्न सुटला. चादर धरली की आबा समुद्राकडे तोंड करून बिडी ओढतात. ज्या कुणी असा गट सुरू करतील त्यांनी जॅकेटांच्या बरोबरीने बादली आधी घ्यावी.

आता त्या माघातल्या रविवारबद्दल.

आबांनी आम्हांला भरतीचा हिशोब पहिल्याच दिवशी शिकवला होता. कोकणातल्या जुन्या माणसांना तो पाठ असतो. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता भरती पुरी होते. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं आणि ते जास्त नेमकं असतं, पण हा हिशोब तोंडी असला की बरं. त्या दिवशी शुद्ध द्वादशी होती. म्हणजे नऊला भरती. साडेसातला निघायचं, दहाला मुखातून आत यायचं, असं ठरलं होतं. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तेव्हा समुद्र ताटासारखा असतो. दुपारकडे वारा उलटतो आणि समुद्राकडून वाहायला लागतो.

त्या दिवशी मासे लागत होते. एकामागून एक तांबोसे, तेही हातभर. वर्षातून असा दिवस एखादाच येतो. दहा वाजले, आबा म्हणाले, निघूया. आम्ही म्हटलं, अजून थोडा वेळ. साडेदहाला परत तेच. आबांनाही मोह पडला असणार, कारण तेही गरी सोडून बसले होते. आम्ही पावणेबाराला मुखाशी आलो.

मुखाशी काय असतं ते सांगायला हवं. ओहोटीच्या मध्यावर नदीचं पाणी सगळ्यांत जोरात बाहेर धावतं, आणि पौर्णिमा जवळ असल्याने पाण्याला उधाणाची ओढ होती. समुद्राची लाट आत येत असते. त्यात वाऱ्याने तोंड फिरवलेलं. खाली वाळूचे पट्टे, पाणी उथळ. या सगळ्यांची गाठ पडते तिथे लाट आखूड होते आणि भिंतीसारखी उभी राहते. बाहेरून ती दिसत नाही, कारण आपल्याला लाटांच्या पाठी दिसतात. आत शिरल्यावरच कळतं.

पहिली लाट मागून इंजिनावर आली. इंजिन बंद पडलं आणि होडी आडवी झाली. दुसऱ्या लाटेने आमच्यातल्या दोघी पाण्यात फेकल्या गेल्या. सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं होती, पण एकीने उकाड्यामुळे पट्टे सोडून ठेवले होते. ती पाण्यात पडली आणि जॅकेट वर कानांपर्यंत चढलं, ती खाली. तिचे हात दिसत होते. आबांनी त्या गोंधळातही एक गोष्ट केली, नांगर टाकला. नांगर लागला, होडीचं नाक लाटांकडे वळलं, आणि ती उलटायची राहिली. पाण्यातल्या दुसरीने हिच्या जॅकेटची मागची मूठ धरून ठेवली. देवबागची एक पर्यटकांची होडी आत होती, त्या पोरांनी पाहिलं, दोर टाकला. सगळा प्रकार दहा मिनिटांचा असेल. जिचे पट्टे सुटे होते तिचं मनगट होडीच्या कडेवर आपटून मोडलं होतं. बाकी सगळ्या धड होत्या. ते हातभर तांबोसे समुद्रात गेले.

घरी काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. “कोणी सांगितलं होतं?” हा प्रश्न अकरा घरांत अकरा प्रकारे विचारला गेला. चौघींना पुढचे दोन महिने घरून परवानगी मिळाली नाही. परवानगी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत, कारण तेव्हा तोच वापरला गेला.

आठवड्याने आम्ही पोस्टातल्या मैत्रिणीच्या ओटीवर जमलो. चूक कुणाची, यावर बोलणं चाललं होतं. आबा म्हणत होते, माझी. आणि मग अंगणवाडीताई, आमच्यातली सगळ्यांत नवी, हळूच म्हणाली, “माका दिसला होता.” तिचे वडील रापणीवर होते, लहानपण सगळं पुळणीवर गेलेलं. दहाच्या सुमाराला खडकावरची ओली रेघ उघडी पडताना तिने पाहिली होती. वारा गालाच्या दुसऱ्या बाजूला लागायला लागला तेही तिला कळलं होतं. पोटात गोळा आला होता. मग बोलली का नाही? तर म्हणाली, “तुम्ही सगळी मोठी. आबा स्वतः बसलेले. मीया कोण सांगतलंय?”

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण मग एकेक करून बाकीच्यांनीही कबूल केलं. शिक्षिकांपैकी एकीला घड्याळ दिसलं होतं. जिचं मनगट मोडलं तिला मळमळत होतं आणि दहा वाजल्यापासून घरी जायचं होतं. पण सगळ्यांची मजा कशाला घालवा, म्हणून ती गप्प बसली. सहापैकी चार जणींना परतायचं होतं आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. हे गप्प राहणं आम्ही समुद्रावर शिकलो नव्हतो. पाहुणे उठेपर्यंत भूक लागली असं म्हणायचं नाही, बसमध्ये पोटात दुखलं तरी थांबवा म्हणायचं नाही. घरून नेलेली सवय होडीतही आमच्याबरोबर बसली होती.

त्या दिवशी ओटीवर एकच नियम झाला. होडीतली कुणीही, कधीही, ‘परत’ म्हणाली की गऱ्या वर. मतं घ्यायची नाहीत. का, असं विचारायचं नाही, तेव्हाही नाही आणि किनाऱ्यावर आल्यावरही नाही. आबांनाही हा नियम लागू. आबांनी थोडी कुरकुर केली, तांडेलाने ठरवायचं असतं म्हणाले. बाहेर जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, असं आम्ही सांगितलं. आत यायचं हे कुणीही ठरवेल.

बाकीचं मग आपोआप आलं. सहाऐवजी चौघीच जातात, आबा पाचवे. जॅकेटाचे पट्टे एकमेकींनी ओढून पाहायचे, स्वतःचे स्वतः नाही. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज बघायचा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर होडीत आतल्या बाजूला रंगवलेला आहे, आणि कुठे जातोय, कधी परतणार हे किनाऱ्यावर राहणाऱ्या एकीच्या वहीत लिहिलेलं असतं. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास गेला की तिने फोन करायचा, संकोच करायचा नाही.

त्यानंतर ‘परत’ नऊ वेळा म्हटलं गेलं. त्यातल्या दोनदा खरोखर वारा वाढला. बाकी सात वेळा आम्ही परत आलो आणि दिवसभर समुद्र शांत राहिला. एकदा तर गरी टाकून दहा मिनिटंही झाली नव्हती. तेलाचे पैसे वाया गेले, चरफडही झाली, खोटं कशाला बोला. पण कारण विचारलं नाही. एका मैत्रिणीने कधीतरी पुढे आपणहून सांगितलं की त्या दिवशी तिला काही झालंच नव्हतं, आपण म्हटल्यावर खरंच फिरतात का, तेवढं बघायचं होतं. यावर आम्ही रागवायचं की हसायचं, हे अजून ठरलेलं नाही.

जिचं मनगट मोडलं होतं ती आठ महिन्यांनी परत आली. हात पूर्वीसारखा वळत नाही, म्हणून डाव्या हाताने तंगूस धरते आणि म्हणते, डाव्या बोटाला जास्त कळतं. तिच्या सासूबाई अजून आमच्याशी बोलत नाहीत. मुडदुसे मात्र ठेवून घेतात.

गेल्या रविवारी पंचमी होती. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचारची भरती. म्हणून दुपारी निघालो होतो. शेतकांचा थवा होडीभोवती उड्या मारत होता, दोन गोबरे लागले होते, तिसरा ओढत होता. आबांनीच तंगूस गुंडाळायला घेतला आणि म्हणाले, “परत.” आम्ही गऱ्या वर घेतल्या. आबा पंचाहत्तरीला आलेत. येताना अंगणवाडीताईने इंजिनाचा दांडा हातात घेतला, आबांनी दिला, आणि मुखातून होडी तिने आत आणली.

कुणाला आमच्याबरोबर यायचं असेल तर बाजारात सकाळी आठच्या आत या, आमच्यातली कुणी ना कुणी तिथे असतेच. पोहता येत नसेल तरी चालेल, ते आधी खाडीत शिकवतो. साडी नको, सलवार किंवा पँट असू दे. आल्याच्या वड्या आम्ही आणतो.