ओल्या लाकडाचा उजेड

मी लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा. आमच्या भागात लाकूड कुजत नाही, कारण त्याला कुजायला कुणी वेळच देत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या वाळक्या फांद्या, सगळं चुलीत जातं. त्यामुळं कुजकं लाकूड रात्री उजेड देतं हे पन्नाशी उलटेपर्यंत मी नुसतं ऐकून होतो.

एका श्रावणात भीमाशंकरच्या बाजूला गेलो. जंगलालगतच्या वस्तीवर मुक्काम होता. रात्री तिथला एक तरुण आम्हाला घरामागच्या पायवाटेवर घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, बॅटऱ्या बंद करा." बंद केल्या. काहीच दिसेना. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि आपल्याला तेवढा अंधार सोसायची सवय राहिलेली नाही. मग हळूहळू पायाशी फिकट, हिरवट-पांढरं काहीतरी उमटू लागलं. मी भूछत्रं शोधत होतो. उजळल्या होत्या काटक्या आणि कुजकी पानं. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंत हा उजेड हिरव्यागार दिव्यांसारखा दिसतो. तो कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवल्याचा परिणाम. डोळ्यांना दिसतं ते त्याहून पुष्कळ मंद, आणि मला विचाराल तर त्याहून सुंदर.

हा उजेड बुरशीचा. भूछत्र म्हणजे तिचं फळ. तिचा खरा देह धाग्यांचा, लाकडाच्या आत पसरलेला. भीमाशंकरची बुरशी मायसीना या गटातली सांगतात. अशा उजळणाऱ्या बुरशींच्या शंभरावर जाती जगात ठाऊक आहेत. २०२० साली मेघालयात बांबूवर एक नवी जात सापडली, तिचा फक्त देठ उजळतो.

रॉबर्ट बॉइल या अँग्लो-आयरिश शास्त्रज्ञानं १६६८ च्या सुमारास असं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून हवा काढून घेतली. उजेड मावळला. हवा परत सोडली, उजेड परत आला. त्या काळी ऑक्सिजन हा शब्दही जन्मला नव्हता. पुढचा उलगडा व्हायला २०१८ साल उजाडलं. बुरशी कॅफेइक आम्लापासून एक पदार्थ तयार करते, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून थंड उजेड निघतो. वापरलेल्या द्रव्याचं पुन्हा कॅफेइक आम्ल होतं. हे आम्ल झाडांतही असतं. लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य बनवताना झाड त्याच्याच वाटेनं जातं. म्हणून या बुरशीची जनुकं तंबाखूच्या रोपात घातली तेव्हा, २०२० मध्ये, ते रोपही उजळलं.

पण उजेड कशासाठी? ब्राझीलमध्ये २०१५ साली संशोधकांनी खोटी भूछत्रं करून आत हिरवे दिवे लावले. रात्री त्यांच्यावर कीटक जास्त आले. कीटक बीजाणू वाहून नेत असावेत, असा तर्क झाला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका भूछत्राच्या अभ्यासात मात्र कीटक उजेडाकडं विशेष आकर्षित झालेले दिसले नाहीत. तिथं तो नुसता चयापचयाचा उपपदार्थ असू शकेल. मी कवी असल्यानं मला पहिलं उत्तर आवडतं, पण आवडण्याला पुरावा म्हणत नाहीत.

एक गोष्ट नक्की. या उजेडाला पडलेलं लाकूड हवं, ओल हवी आणि अंधार हवा. भीमाशंकरच्या परिसरात देवराया आहेत. अनेक देवरायांत वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. बुरशीला याहून चांगला कायदा कोणता? आता अडचण आमच्यासारख्यांची. पाहायला येतो ते गाड्या, बॅटऱ्या घेऊन, आणि नेमकी ती ओली काटकी पायाखाली तुडवतो.

त्या रात्री मीही एक काटकी उचलली होती. घरी नातवाला दाखवावी म्हणून. तो तरुण हळूच म्हणाला, "ठेवा तिथंच. वाळली की विझते." ठेवली.

गेल्या वर्षी वादळात आमच्या बांधावरचा लिंब पडला. मी घरी म्हटलं, राहू द्या पडलेला, बघू काय उगवतं. आठ दिवसांनी गेलो तर नुसता भुसा होता.