संगणक सारखा बंद पडतो, दोष कुणाचा?

बचत गटाच्या कामात पदरी पडलेली एक गोष्ट आज सांगणार आहे. गोष्ट संगणकाची आहे, पण त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगते.

आमच्या गटांनी मिळून एक जुना संगणक घेतला. ठेवायला जागा नव्हती म्हणून तो अध्यक्ष मावशींच्या घरात, पडवीच्या आतल्या खोलीत ठेवला. पडवीत गटाची पीठगिरणी आहे. हिशेब भरायला गटातली एक नवी सून पुढे आली. बारावी झालेली, अक्षर छान, बोटं चटपटीत. दोन वर्षांचा बचत-कर्जाचा हिशेब तिने संगणकात चढवला.

मग संगणक बिघडला. मध्येच पडदा काळा व्हायचा आणि संगणक आपला पहिल्यापासून सुरू व्हायचा. लिहिलेलं अर्धं जायचं. बँकेत कर्जाची फाइल द्यायला बारा दिवस उरले होते. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "ही काहीतरी भलतंच बटण दाबते." ती म्हणाली, "ताई, मी काहीच केलं नाही हो, तो आपणहून बंद होतो." आणि मी, समन्वयक असून, म्हणाले, "आता काही दिवस तू हात लावू नकोस." दुसऱ्या दिवसापासून ती बैठकीलाही आली नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने भरणं. म्हणजे दोन वर्षांचा हिशेब पाण्यात! तिथे मी थांबले.

पहिलं काम केलं ते जतन करण्याचं. संगणक चालू राहील तेवढ्या वेळात हिशेबाच्या सगळ्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एक मावशींच्या कपाटात, दुसरा माझ्या घरी. मैत्रिणींनो, संगणक बिघडल्यावरच नाही, दर महिन्याच्या बैठकीनंतर हे करायचं.

दुसरं काम वहीचं. पोराला ताप आला की डॉक्टर विचारतात, कधी येतो, किती वेळ राहतो, आधी काय खाल्लं होतं? तेच संगणकाला विचारायचं. वहीत चार रकाने आखले. तारीख आणि वेळ, सुरू करून किती वेळ झाला होता, संगणकावर काय चाललं होतं, आणि घरात त्या वेळी काय चालू होतं. हा शेवटचा रकाना विसरू नका.

चार दिवसांत वही बोलायला लागली. सकाळी संगणक बंद पडायचा तो नेमका गिरणी सुरू केली की. दुपारी गिरणी बंद असतानाही पडायचा, पण सुरू करून अर्धा-पाऊण तास झाल्यावर. म्हणजे दुखणी दोन होती.

सकाळचं दुखणं विजेचं. गिरणीची मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, त्या क्षणी घरातला दाब खाली येतो. दिवे मिणमिणतात ते त्यामुळेच. संगणकाला हा झटका लागू नये म्हणून यूपीएस असतो. पण यूपीएसच्या आत बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षांत थकते. मग यूपीएसचा दिवा लागतो, पण आधार मिळत नाही. तपासायचं असं: संगणक बंद करून त्याची पिन काढा, त्या जागी टेबललॅम्प लावा, आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. दिवा काही मिनिटं तरी जळत राहायला हवा. आमचा लगेच विझला. बॅटरी बदलली, गिरणीची आणि संगणकाची जोडणी वायरमनकडून वेगळी करून घेतली, अर्थिंगही तपासून घेतलं. सैल झालेला एक्स्टेन्शन बोर्ड फेकला. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. दुकानदाराला परत द्या.

दुपारचं दुखणं उष्णतेचं. संगणकाचा मेंदू तापतो, त्याला गार ठेवायला वर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा असतो. पात्यांत धूळ अडकली की हवा फिरत नाही, आणि फार तापलं की संगणक जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. आम्ही डबा उघडला तर आत पिठाचा थर! साफ करताना आधी सगळ्या वायरी भिंतीतून काढा. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डब्याच्या धातूला हात लावा आणि रंगाच्या कोरड्या, नव्या ब्रशने हलक्या हाताने धूळ झाडा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं नको, तोंडाने फुंकर नको. आणि वायरी जिथून निघतात ती वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीच उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात झटका देणारी वीज साठलेली असते.

आता फॉरमॅटचं. तो खरंच लागेल का, हे आपल्याला बघता येतं. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू हे बटण सारखं दाबत राहिलं की बहुतेक संगणकांत सेटिंगचा एक साधा पडदा उघडतो. तिथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. काही बदल न करता तो पडदा तसाच ठेवा. तिथेही संगणक बंद पडला, तर दोष वीज, उष्णता किंवा आतल्या भागांचा. फॉरमॅट मारून काही होणार नाही. आमचा तिथेही गिरणीबरोबर पडलाच होता.

तिथे नीट राहिला आणि विंडोजमध्येच पडत असेल, तर निळा पडदा दिसतो का ते बघा. तो क्षणात निघून जातो. तो थांबवायला 'धिस पीसी'वर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज', तिथून 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या 'सेटिंग्ज'मध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढा. मग निळा पडदा थांबतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला तो अर्धं निदान देतो. पडद्यावर 'अपडेट' चाललंय असं लिहून येत असेल, तर तो बिघाड नाही. ते पूर्ण होऊ द्या, मध्येच बटण दाबू नका.

एवढं करूनही थांबलं नाही, तर दुरुस्तीवाल्याला जरूर बोलवा. पण वही हातात घेऊन बोला. आधी काय तपासलं ते सांगा, आणि विचारा, "कोणता भाग बदलताय, का बदलताय?" बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

आमचं काम बॅटरी, वायरमन आणि ब्रशच्या खर्चात भागलं. संगणक आता गिरणीपासून लांब, मधल्या खोलीत आहे. काम संपल्यावर, तो गार झाला की त्यावर सुती कापड टाकतो, चालू असताना नाही.

राहिली माझी चूक. मी त्या सुनेच्या घरी गेले. तिच्या सासूबाईंसमोर वही उघडली आणि म्हटलं, "दोष हिचा नव्हता, विजेचा आणि पिठाचा होता. मी न तपासता बोलले, माझं चुकलं." सासूबाई काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला उठल्या. दुसऱ्या दिवशी ती आली आणि फाइल वेळेत बँकेत गेली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोरही मी हेच सांगितलं, कारण बोल लावला होता तो सगळ्यांसमोरच.

मैत्रिणींनो, आपल्याकडे नवी वस्तू बिघडली की आधी विचारतात, "कुणी हात लावला?" त्याऐवजी विचारा, "केव्हा बिघडली, आणि तेव्हा काय चालू होतं?" पहिल्या प्रश्नाने बाई घरी बसते. दुसऱ्याने संगणक सुरू होतो.